जावयाच्या हातात पाना

आईला मी उभ्या आयुष्यात एकदाच ओरडताना ऐकलं, आणि तेही माझ्याच गाडीत. विंचू चावला तेव्हा "चावला वाटते" एवढंच म्हणून पुन्हा धान पाखडायला बसलेली ही बाई. तिच्या मणक्यातली गादी सरकली होती, एक पाय बधिर होत चालला होता, म्हणून मी तिला आमच्या मूल गावाहून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेत होतो. वाटेत जंगलात एक पुलिया, म्हणजे लहानसा पूल, लागते. तिच्या तोंडाशी डांबर खचून रस्त्यावर आडवा चर पडलेला. मी गाडी हळूच घेतली होती, शप्पथ. तरी पुढचं चाक त्यात उतरलं आणि लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. त्यावर आईचा आवाज.

दोष रस्त्याचा, असं मी बायकोला सांगितलं. मनातून ठाऊक होतं, दोष माझा. गाडीचे धक्के झेलणारे पुढचे दोन्ही शॉकअप निकामी झाले होते. आमच्या गाडीच्या मिस्त्रीनं आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, मास्तर, तेल गळून राह्यलं, बदलून टाका. मी म्हटलं, चालते ना गाडी. चालत होतीच. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते, हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगतो. शॉकअप गेलेला असला की ती ऊर्जा कुठे जाते, हे मात्र मला त्या पुलियावर कळलं. ती माझ्या आईच्या कमरेत गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, सोमवारी घरी न्या, पण सहा आठवडे धक्का बसू द्यायचा नाही. आम्ही खूश झालो. आई झाली नाही. खाटेवर पडल्या पडल्या तिनं माझं मनगट धरलं.

"मले त्या पुलियावरून नको नेजो, बाबू. मी इथीच राह्यतो बहिणीकडं."

चंद्रपुरात मावशीचं दोन खोल्यांचं घर, जिना चढून वर. तिथे आई कशी राहणार? ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर तिनं तोंड फिरवलं. तिच्या माहेरच्या गावात त्या गाडीतून परत आलेली माणसं झाकूनच आली होती. बायको म्हणाली, भाड्याची चांगली मोठी गाडी करू. शहाणपणाचं तेच होतं. पण मला तेव्हा शहाणपण नको होतं. ज्या गाडीनं आईला ओरडायला लावलं, तीच गाडी तिला न दुखवता घरी आणेल, असं मी ठरवून टाकलं. बायको म्हणते, हा माझा स्वभाव नाही, दुखणं आहे.

आमचा मिस्त्री नेमका धान कापायला गावी गेलेला. त्या दिवसांत मूलमध्ये माणूस शोधायचा तर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच शोधावा लागतो. कापणी, मग चुरणी म्हणजे मळणी, आठ दिवस तरी येणार नाही म्हणाला. चंद्रपूरच्या मोठ्या गॅरेजनं त्याच्याही पुढची तारीख दिली. मग मी शुक्रवारी तिथूनच दोन नवे शॉकअप विकत आणले आणि रात्री जेवताना जाहीर केलं, रविवारी मीच बसवतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते. त्यातला माणूस चाळीस मिनिटांत एक बाजू उरकून हात पुसत होता, आणि त्याच्या कपड्यांना डागही नव्हता.

बायकोनं वाद घातला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. शनिवारी संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, घुग्घुसहून बस बदलत दारात हजर झाले. एका हातात पिशवी, खांद्यावर पोतं. पोत्यात सागाचे चार ठोकळे होते आणि कोळशाच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाचे पाने. सहज आलो म्हणाले. सहज कोणी ठोकळे घेऊन येत नाही.

आता मामाजींबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्या लेखी जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. मी खोलीत आलो की ते उठून उभे राहतात. माझ्याआधी घास घेत नाहीत. मला चुकीचं काही सांगणं तर लांबच, माझं चुकलं हे डोळ्यांनीसुद्धा दाखवत नाहीत. एका दिवाळीत मी त्यांच्या घरी उत्साहानं सगळ्यांसाठी चहा केला आणि साखरेच्या जागी मीठ घातलं. सगळ्यांनी पहिल्या घोटाला कप खाली ठेवले. मामाजींनी बशीत ओतून अख्खा कप संपवला आणि म्हणाले, "चव वेगळी हाय, जवाईबापू." हे मी तेव्हा थट्टेवारी नेलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात थंडी होती. मी गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि खाली डोकं घालणार तेवढ्यात मामाजी खुर्चीवरून म्हणाले, त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक जण होता, जॅकवर फार भरवसा होता त्याचा. मी म्हटलं, हो का? आणि बोल्ट शोधायला लागलो. ते उठले, दोन ठोकळे गाडीखाली सरकवले, निघालेलं चाकही खाली आडवं टाकलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बसवत नाही, काहीतरी चाळा पाहिजे.

खालचे दोन बोल्ट गंजून एकजीव झाले होते. मी पान्यावर लटकलो, पाय देऊन पाहिला, घाम निघाला. मामाजींना दुसऱ्या माणसाची आठवण झाली. तो म्हणे बोल्टवर डिझेल सोडे आणि चहा पिऊन येई. मी म्हटलं, मामाजी, आज वेळ नाही. आणखी अर्धा तास झुंजलो. शेवटी बायकोनं चहा आणला, तो पिऊन येतो तर बोल्टभोवती ओलं दिसलं, डिझेलचा वास येत होता, आणि बोल्ट मुकाट सुटला. माझ्या ताकदीपुढे नमला, असं मी समजलो.

बॉनेटखालचे तीन नट काढले आणि शॉकअप बाहेर आला. मधे दांडा, भोवती माझ्या अंगठ्याएवढी जाड स्प्रिंग, डोक्यावर रबराची जाड वाटी आणि त्या वाटीला धरून ठेवणारा मधला मोठा नट. स्प्रिंग त्या वाटीखाली दाबून बसवलेली असते. मधला नट काढायचा तर आधी तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे लावून, स्क्रू फिरवून आणखी दाबायची, म्हणजे वाटीवरचा तिचा जोर सुटतो. आकडे मामाजींनी आणलेलेच होते. मी ते लावले, व्हिडिओत पाहिले तसे. एका बाजूचा स्क्रू झरझर फिरत होता, दुसऱ्या बाजूचा जड जात होता. म्हणून मी जो फिरत होता तोच फिरवत गेलो.

"आमच्या वर्कशॉपमधी एक फिटर होता, जवाईबापू," मामाजी म्हणाले. "एकाच बाजूचा स्क्रू कसत जाये. दुसऱ्या बाजूकडं पाहेच नाई."

माझं डोकं आधीच तापलेलं. अकरा वाजत आले होते, पहिलीच बाजू अजून अंगणात पडली होती, आणि हे गोष्टी सांगत बसले होते. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, मामाजी, वर्कशॉपच्या गोष्टी आपण जेवताना ऐकू. ते म्हणाले, बरं. त्यांच्या मांडीवरचा दुपट्टा त्यांनी दोन्ही हातांनी पिळायला घेतला होता, ते मला दिसलं होतं. त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती.

मी शॉकअप दोन पायांत धरला, त्यावर वाकलो आणि मधल्या नटाला पाना लावला. माझं तोंड बरोबर त्या नटावर होतं. पाच-सहा आटे सुटले. स्प्रिंगमधून बारीक कुरकुर आल्यासारखी वाटली.

"अबे, हात काढ पयले!"

हा आवाज मी मामाजींचा म्हणून ओळखलासुद्धा नाही. पाठोपाठ खांद्यावर असा धक्का बसला की मी पान्यासकट आडवा झालो. पडता पडता पाना फिरला आणि नट सुटला. एका बाजूचा आकडा निसटला, वाटी सुटली ती माझं तोंड होतं तिथून वर गेली आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या निळ्या ड्रमावर जाऊन आदळली. ड्रमला उभी भेग पडली. सकाळी नळाला आलेलं दोन दिवसांचं पाणी अंगणभर पसरलं. स्प्रिंग दोनदा उडी मारून गाडीखाली जाऊन पडली.

मी चिखलात बसून तोंड चाचपून पाहिलं. नाक होतं, दात होते. हात बघितले, दहाच्या दहा बोटं होती. उद्या आईला आणायला जाणारा माणूस आज त्याच दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर असता, आणि तेही चेहऱ्याला पट्ट्या बांधून.

बायको धावत बाहेर आली. तिनं आधी मला बघितलं, मग ड्रम, मग आपल्या वडिलांना. मामाजी भिंतीपाशी उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडलेले होते, आणि ते माझ्याकडे बघून जोडले होते.

"चुकी झाली, जवाईबापू. हात लागला तुम्हाले. तोंडातून वाईट शब्द गेला."

मला आधी समजलंच नाही. हा माणूस माझी माफी मागत होता. माझे डोळे वाचवल्याबद्दल माफी मागत होता. आणि मग एकदम सगळं समजलं. जॅकवर भरवसा ठेवणारा, डिझेल सोडून चहा पिणारा, एकच बाजू कसणारा. सकाळपासून हा माणूस मला एकेक काम सांगत होता. सरळ सांगितलं तर जावयाचा मान जाईल, म्हणून कोणातरी तिसऱ्याच्या नावावर घालून सांगत होता. मी त्यांना नुसत्या गोष्टी समजलो आणि कंटाळलो. मिठाच्या चहाचा कप मी हसण्यावारी नेला होता, तोही तेव्हा आठवला. मला स्वतःचा एवढा राग आला की रडू येईल असं वाटलं.

मी उठलो, त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि म्हटलं, मामाजी, आज मी जावई नाही. आज मी तुमचा हेल्पर. हेल्पर म्हणजे खाणीत फिटरच्या हाताखाली असतो तो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"हेल्परले मी शिव्या देतो," ते म्हणाले.

"द्या."

त्यांनी लेकीकडे बघितलं. जणू तिची परवानगी पाहिजे होती. ती आपल्या ड्रमकडे बघत होती. द्या बाबा, म्हणाली, माझ्याही वाटणीच्या द्या.

मग माझे सासरे सुरू झाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत जे पोटात ठेवलं होतं ते सगळं त्यांनी त्या दुपारी मोकळं केलं. पहिलं वाक्य होतं, मी डाव्या बाजूला लावायला घेतलेला नवा शॉकअप उजव्या बाजूचा आहे, आणि ब्रेकच्या नळीचा पट्टा कुठल्या तोंडाला येतो ते दिसायला डोळे लागतात, डिग्री नाही. हे त्यांना सकाळीच दिसलं होतं. त्याचीही गोष्ट त्यांनी तयार ठेवली होती म्हणे, पण मी जेवताना ऐकू म्हणालो ना. पाना कसा धरतो, बोल्ट कुठे ठेवतो, वाकतो कसा, सगळ्याचा उद्धार झाला. मास्तरकी काढली. स्वयंपाकघरातून बायको दोनदा दारात येऊन बघून गेली. एकदा तिच्या तोंडाला पदर होता, त्यामागे ती हसत होती की लाजत होती, मी विचारलं नाही.

नवा शॉकअप स्प्रिंगमध्ये घालताना त्यांनी मला आकडे समोरासमोर लावायला लावले. मग मोजणी. एक आटा इकडे, एक तिकडे. एक इकडे, एक तिकडे. घाई केली की पाठीत बोट टोचत. नट लावायच्या आधी म्हणाले, हलवून पाहा स्प्रिंग, हातात खुळखुळली पाहिजे, खुळखुळत नाही तोवर तोंड लांब ठेव. तीस पोरांच्या वर्गात मी जे कधी नीट शिकवू शकलो नाही, ते त्यांनी एका वाक्यात शिकवलं. वाटीचा रबर फाटला नव्हता, लोखंड थोडं वाकलं होतं. त्यांनी ते ठोकळ्यावर ठेवून बघितलं आणि चालणार नाही म्हणाले. मग मी मोटारसायकलवर बाजारात गेलो आणि रविवारी बंद असलेलं पार्टचं दुकान मालकाच्या घरून किल्ली आणून उघडायला लावलं. माझे चिखलाचे कपडे पाहून त्यानं काही विचारलं नाही.

दुसरी बाजू दीड तासात झाली. या वेळी डिझेल मी सोडलं आणि चहा मीच सांगितला. गाडी खाली उतरवून मधले नट शेवटचे आवळले तेव्हा उन्हं कलली होती. मी बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबलं. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. बस, एकदाच. आधी ती होडीसारखी डुलत राहायची. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा दाबलं असेल. मामाजी म्हणाले, आता गाडीले झोपू दे, हेल्पर, आणि हात धुवायला गेले. धुवायला पाणी शेजाऱ्यांकडून आणावं लागलं.

सोमवारी सकाळी चंद्रपुरात आधी चाकांची अलाइनमेंट करून घेतली, मग दवाखान्यात गेलो. मामाजी बरोबर होते. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, पुन्हा जवाईबापूंचे सासरे झालेले. आईला मागच्या सीटवर उशा लावून निजवलं, डोकं बायकोच्या मांडीवर. आईनं काही विरोध केला नाही. फक्त विचारलं, तोच रस्ता ना? मी म्हटलं, तोच, दुसरा कुठून आणू? तिनं डोळे मिटले आणि बायकोचा हात धरला. आरशात मला त्या दोघींचे हात दिसत होते. आईच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

शहर संपलं, जंगल सुरू झालं. गावांतले स्पीडब्रेकर मी गायीम्हशींच्या चालीनं ओलांडले. मागून धानाच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं, मग शिवी दिल्यासारखा कट मारून गेला. जाऊ दे म्हटलं. माझे कान फक्त पुढच्या चाकांकडे होते. काहीतरी राहिलं असेल, एखादा नट, एखादा बोल्ट. मामाजी माझ्या शेजारी ताठ बसलेले, नजर रस्त्यावर. तेही तेच ऐकत असावेत.

पुलिया दिसली. चर तसाच होता, उलट मधल्या दिवसांत कोणी मुरूम टाकून आणखी ओबडधोबड केलेला. मी गाडी जवळजवळ थांबवली. पहिल्या गिअरमध्ये एक चाक सोडलं, मग दुसरं. गाडी खाली गेली. वर आली. थांबली. मागची चाकं उतरली, चढली. पुलिया मागे पडली. मला मागे बघायची हिंमत होईना. एक मैलभर तसाच गेलो असेन, तेव्हा मागून आईचा आवाज आला.

"अजून किती दूर हाय बाबू, ते पुलिया?"

"गेली ना, आई."

"कवा?"

बायको म्हणाली, मघाशीच गेली. आईनं डोळे उघडले, मान जराशी वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर सागाची झाडं होती, नेहमीची.

"मले तं समजलंच नाई," ती म्हणाली. मग तिनं बायकोचा हात सोडला, आपला हात पोटावर ठेवला, आणि आमच्या गावाची खूण, म्हणजे राइस मिलची पत्र्याची शेड दिसेपर्यंत ती गाढ झोपली. घोरत होती. तिचं घोरणं इतकं चांगलं वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते मला त्या दिवशी शरीरात कळलं. स्टिअरिंगवरचे माझे हात इतके ढिले पडले की मी ते पुन्हा नीट धरले.

मामाजींनी एकदा मागे वळून विहीणबाई झोपल्याची खात्री केली. मग घसा साफ केला.

"आमच्या वर्कशॉपमधी एक हेल्पर होता, जवाईबापू."

मी काच वर केली आणि वेग कमी केला. त्यांच्या गोष्टी आता मी कानात प्राण आणून ऐकतो.

"कसा होता?"

"पयल्या दिवशी काहीच येत नव्हतं त्याले. वरून तापट." ते समोर रस्त्याकडेच बघत होते. "पण एकदा सांगतलं का समजून घे."

"मग?"

"मग काय. परमनंट करून टाकला त्याले."